पिंपळाच्या वाटणीचं पाणी

लोह्याहून लातूरला पिंपळाचं एक रोप जिवंत पोचवायचं, एवढ्यासाठी भुजंग आणि त्याचे दोन दोस्त तीन सायकलींवर निघाले होते. भुजंगच्या मायनं विहाराजवळ लावलेला पिंपळ यंदाच्या दुष्काळात वाळला; माय तर त्याच्याआधीच गेली. मागं उरलं ते हे वीतभर रोप, तेलाच्या डब्यात, भुजंगच्या कॅरिअरला बांधलेलं. त्याची आक्का नव्या लातूर जिल्ह्यात नर्स झाली होती. तिच्या दारात हे रोप लागलं की माय पुन्हा घरी आली, असं भुजंगला मनापासून वाटे.

अहमदपूर मागं पडलं. ऐन श्रावणात माळ तांबूस, ज्वारी गुडघ्याच्या वर गेलेली नाही, आणि रस्ता पुढं पुढं पाण्यासारखा चकाकत पळणारा. शेजारून उदगीरचा संगप्पा कानडी गाणं गुणगुणत होता. पायडल मारता मारता भुजंगला पानांची सळसळ ऐकू येई, सावलीत भाकर बांधत बसलेली माय दिसे. ‘जिल्हा लातूर’ लिहिलेल्या पाट्यांचा रंग अजून ओला वाटे. त्या मुलखात ओलं म्हणावं असं तेवढंच होतं.

फट्! बाभळीची फांदी आडवी पडलेली. तिन्ही सायकली तिच्यावरून गेल्या आणि तिन्ही बसल्या!

शेषेराव लोह्याचा पंक्चरवाला, सामान त्याच्या पिशवीत होतं. पण भोक सापडायला पाणी हवं. थुंकून बघावं तर तोंडं कोरडी, कान लावावा तर वारा घोंघावणारा. गाव कुठं दिसेना. जवळ होती ती रोपाच्या वाटणीची एक बाटली.

“दे इकडं,” शेषेराव म्हणाला. “भोकं बघू अन् तेच पाणी रोपाला घालू. थेंब सांडत न्हाई.”

भुजंगनं मन घट्ट करून बाटली शेषेरावच्या पिशवीतल्या भगुन्यात रिकामी केली. ट्यूबा फिरल्या. बुडबुडे आले! खुणा झाल्या, ठिगळं बसली. शेषेराव खुशीत उठला, आणि रोज दुकानात करतो तसं भगुनं उचलून पाणी रस्त्याकडेला झोकून दिलं.



“हात गेला रे,” शेषेराव पुटपुटला. “रोज हेच करून राहिलो…”

त्याचा गळा धरावा असं भुजंगला वाटलं. पण समोर माती पाणी पीत होती. तो गुडघ्यांवर बसला, ओली माती ओरबाडून डब्यात भरू लागला. संगप्पाही सरसावला. शेषेरावनं डोक्याचा रुमाल सोडून रोपावर सावली बांधली. मग तिघंही सुटले! चढ आला. वारा आडवा झाला. चाकूर गेलं. पानं माना टाकत होती, आणि भुजंग शेषेरावशी अवाक्षर बोलत नव्हता.

दिवेलागणीला आक्काचं दार आलं. शेंडा अजून हिरवा होता. आक्कानं डबा पोटाशी धरला आणि ढसाढसा रडली. खड्डा तिनं खणून ठेवलाच होता. रोप लागलं, तशी तिनं घरातल्या पाण्यातून तांब्या भरून भुजंगला दिला. भुजंगनं तो कोपऱ्यात मान खाली घालून उभ्या शेषेरावपुढं धरला.

“तू घाल,” तो म्हणाला. “पण हळू. झोकू नको.”