दोघांचं कूपन

“हे काय, हे माझ्याबरोबर आहेत!”

मकाऊच्या त्या चिकट सकाळी, आकाशपाळण्याच्या रांगेत कुणीतरी लाप-यानच्या शर्टाची बाही खस्सकन ओढली. तो दचकून वळला. समोर पोपटी टी-शर्टातली एक मुलगी. कपाळाला घामाने चिकटलेले केस, हातात एक गुलाबी कूपन, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू हा माणूस तिच्या घरचाच!

फाटकावरच्या बाईने दोघांना आळीपाळीने न्याहाळलं. “मगाशी तर एकट्या म्हणालात. कूपन दोघांचं आहे. एकटीला पाळणा नाही, केबल कार नाही, होडी तर नाहीच नाही.”

“अहो, भांडण झालं होतं आमचं. म्हणून लांब उभे होते फुगून.” मुलगी त्याच्याकडे वळली आणि लाडात आल्यासारखी म्हणाली, “सोडा ना आता राग... चला.”

दुसरा कुणी असता तर हसला असता. सुट्टीच्या दिवशी अशी मुलगी आपणहून बाही धरते, आणखी काय हवं? पण आमच्या लाप-यानच्या तोंडचं पाणी पळालं. कारण बाही धरणाऱ्या त्या हाताच्या अंगठ्याखाली भाजल्याचा एक डाग होता, अर्धचंद्रासारखा. तो तळहात त्याने चार महिन्यांपूर्वी पाहिला होता, आणि त्यानंतर त्याला सुखाची झोप म्हणून लागली नव्हती.

झालं होतं ते असं. लाप-यान मोक हाँगकाँगचा, सरकते जिने दुरुस्त करणारा. जुगाराच्या वाटेला कधी न गेलेला. कामावरच्या मित्रांनी एका रविवारी त्याला बोटीत घातलं आणि इथल्या एका कॅसिनोत टेबलाशी बसवलं. तीन डाव हरला. मित्र मागे उभे राहून खिदळायला लागले. त्याने पत्ते कडेने वाकवून पाहिले, नशीब फिरावं म्हणून फुंकर मारली, चौथाही हरला. आणि मग सगळ्यांदेखत तो पत्ते वाटणाऱ्या मुलीवर ओरडला, “हिचा हातच अवलक्षणी आहे! पांढऱ्या पायाची कुठली! उठवा हिला, दुसरी बसवा!”

गिऱ्हाईकाने मागितलं की माणूस बदलतात तिथे. देखरेखीचा माणूस आला, त्याने मुलीच्या खांद्याला बोट लावलं. तिने मान वर केली नाही. दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले, उघडे करून छताच्या कॅमेऱ्याला दाखवले, मग उलटे करून दाखवले... टेबल सोडताना हे करावंच लागतं, काही लपवलेलं नाही हे कळावं म्हणून. आणि ती गेली.

परतीच्या बोटीत त्याला ते तळहात आठवायला लागले ते कायमचेच. आजचा हा त्याचा चौथा रविवार. दर वेळी माफी मागायला यायचा, दालनाच्या दारापर्यंत पोचायचा, आणि पाय मागे घ्यायचा. आजही तसाच परतून, उगाच वेळ काढायला म्हणून या रांगेत उभा राहिला होता, पितळी कठड्यावर हात ठेवून.

आणि आता तीच मुलगी त्याला पाळण्यात बसवत होती. सांगावं तर ती तोंडही पाहणार नाही. न सांगावं तर आपल्याइतका नीच कुणी नाही!

पाळणा हलला. खाली हॉटेलांचे सोनेरी माथे बुटके होत गेले.

“माझं नाव ओइ-लाम,” ती म्हणाली. “मैत्रीण यायची होती, फोंग. तिचं पोर तापलं. वाढदिवसाचं कूपन वाया गेलं असतं हो. तुम्हाला राग नाही ना आला?”

“नाही, नाही. तुम्ही... काय करता?”

ती क्षणभर काचेबाहेर बघत राहिली. “बिस्किटांच्या दुकानात असते. बदामाची बिस्किटं. हे हॉटेलवाले आमच्याकडून घेतात, म्हणून वाढदिवसाला कूपन देतात.”

लाप-यानला ते खोटं कळलं. आपल्यासारख्यांमुळेच ना हिला हे खोटं बोलावं लागतंय?

“छान असतात,” तो कसाबसा म्हणाला.

“कोण?”

“बिस्किटं.”

“हो का? मला वाटलं, मी.” तिने डोळे मोठे केले. “आणि तुम्ही काय करता?”

“सरकते जिने दुरुस्त करतो.”

“म्हणजे लोकांना वर नेता!”

“खालीही नेतो.”

ती खळखळून हसली. मग तिचं लक्ष त्याच्या डाव्या हाताकडे गेलं. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं, काळं. “हे काय झालं?”

“जिन्यात सापडला होता. जुनं आहे.” त्याने हात खिशात घातला.

ती त्या खिशाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, असं त्याला वाटलं. पाळणा वर पोचून थांबला. समुद्र राखाडी, पलीकडे चीनचे डोंगर धूसर, आणि डब्यात दोघंच.

“मला... तुम्हाला काहीतरी सांगायचंय,” तो म्हणाला.

“सांगा ना.” ती सावरून बसली, अगदी हात जुळवून.

“ते... म्हणजे... तुमचे केस कपाळाला चिकटलेत.”

“हे सांगायचं होतं?”

“...हो.”

“बरं झालं सांगितलंत,” ती गंभीरपणे म्हणाली. “नाहीतर जन्मभर कळलं नसतं मला.”

केबल कारमधून टेकडी झाली. तिथल्या पायऱ्यांवर बसून दोघांनी अंड्याचे गरम टार्ट खाल्ले. तिने त्याच्या हनुवटीवरचा पापुद्रा बोटाने उडवला, आणि त्याचे कान लाल झाले. आपल्याला ही आवडायला लागलीय, हे त्याला कळलं. आणि कळलं तशी त्याला स्वतःचीच शिसारी आली. असलं तोंड घेऊन आवडतेय म्हणे!

तेवढ्यात तिने खाऊन झाल्यावर दोन्ही हात चोळले, तळवे उघडे केले, मग उलटे केले. सवयीने, कुणी बघतंय हे विसरून. लगेच भानावर आली आणि हात पाठीमागे लपवले. तिचा चेहरा गळ्यापर्यंत लाल झाला.

“पीठ... पीठ झटकायची सवय,” ती पुटपुटली.

“हो. पीठ फार उडतं,” तो जमिनीकडे बघत म्हणाला.

पायऱ्यांवर दोघं काही वेळ तसेच बसून राहिले. दोघांची मान खाली, आणि शेजारचं एक म्हातारं जोडपं या दोघांकडे बघून हसतंय. त्यांना काय, नवं प्रेम वाटलं असेल!

शेवटची राहिली होती होडी. हॉटेलातच कालवा खोदलेला, वर निळं आकाश रंगवलेलं, बाहेर काही का वाजले असेनात, आत कायम संध्याकाळच. पण तिथे पोचायची सरळ वाट कॅसिनोच्या दालनातून जात होती. ओइ-लाम दारापासून वीस पावलं अलीकडेच थबकली.

“आपण बाहेरून वळसा घालून जाऊ.”

“ऊन आहे.”

“मला ऊन आवडतं,” ती ठासून म्हणाली. तिच्या टाचांना नवे बूट चावत होते, ते त्याला दिसत होतं. तरी चालली बिचारी लंगडत, सगळ्या हॉटेलाला प्रदक्षिणा घालून. पलीकडच्या दारापाशी मात्र ती बाकावर बसली. “कूपनवर दोन थंड चहा आहेत. पण ते दालनाच्या आत मिळतात. तुम्ही आणता? मी... माझे पाय दुखतायत.”

आत जाणं त्याच्या जिवावर आलं. पण नाही कसं म्हणणार? गेला. तोच गालिचा, तोच वास, सिगारेटचा आणि कसल्याशा फुलांचा. आणि वाटेतच एका टेबलाशी पांढऱ्या बनियनवर कोट चढवलेला एक काका उभा राहून ओरडत होता, “हिच्या हाताला गुण नाही! उठवा हिला!”

पत्ते वाटणारी पोरगी विशीचीही नसावी. ओठ गच्च मिटून बसली होती.

लाप-यान तिथेच थांबला. आपला आवाज त्या दिवशी असा येत होता? असा?

“काका,” त्याच्या तोंडून निघालं, “पत्ते काय तिने छापलेत? तिला कशाला बोलता?”

काका वळला. “तू कोण रे तिचा? दीर?”

“कोणी नाही. मीही असाच बोललो होतो एकदा. फार वाईट दिसतं हो... बाहेरून.”

त्याने काही फरक पडला असं समजू नका. देखरेखीचा माणूस आलाच. पोरीने हात चोळले, तळवे दाखवले आणि गेली. दोन पहारेकऱ्यांनी लाप-यानला दंडाला धरून दाराबाहेर आणून सोडलं, सगळे बघत असताना.

ओइ-लाम बाकावरून उठून उभी राहिली. “अगंबाई! चहा आणायला गेला होतात की दरोडा घालायला?”

“चहा राहिला.” तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. “ओइ-लाम, बसा. नाही, उभ्याच राहा, म्हणजे निघून जायला सोपं पडेल. तुम्ही बिस्किटं विकत नाही. चार महिन्यांपूर्वी एका माणसाने तुम्हाला अवलक्षणी म्हटलं, टेबलावरून उठवलं. तो... तो मी.”

ती उभीच राहिली.

“माफी मागायला चारदा आलो. दारातून परत गेलो. सकाळपासून सांगीन सांगीन म्हणतोय, आणि तुमचं कूपन खातोय, हसतोय... लाज वाटते मला. तुमच्यासमोर बसायचीही लाज वाटते.”

“पुढे?”

“पुढे... तुम्ही गेल्यावरचा डाव मी जिंकलो.” हे त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. “आणि मला आनंद झाला. मित्रांनी पाठ थोपटली, आणि मी हसलो.”

ओइ-लाम हळूच बाकावर बसली. बराच वेळ बुटाच्या बंदाशी खेळत राहिली.

“एवढं मात्र मला माहीत नव्हतं,” ती शेवटी म्हणाली. “बाकी सगळं माहीत होतं.”

“म्हणजे?”

“आम्ही टेबलाशी तोंडं नाही बघत हो, हात बघतो. दिवसभर नुसते हात. सकाळी कठड्यावर ते चिरलेलं नख दिसलं आणि मी तुम्हाला ओळखलं. फोंगचं पोर ठणठणीत आहे. फोंग माझ्या मागेच उभी होती. तिला मीच घरी पिटाळलं आणि फाटकावर एकटी आहे म्हणाले.”

लाप-यानने आपलं नख पाहिलं.

“म्हटलं, दिवसभर बरोबर ठेवू या माणसाला. ओळखतो का बघू. ओळखलं तर बोलतो का बघू. पाळण्यात जीव मुठीत धरून बसले होते मी, आणि हे म्हणतात, केस चिकटलेत!” ती हसायला गेली, पण हसू ओठांवरच राहिलं. “मी तुमचा पाणउतारा करणार होते. सगळं पाठ करून ठेवलं होतं. पण टार्ट खाताना विसरले. मग मला माझीच लाज वाटायला लागली, की असल्या माणसाबरोबर आपल्याला मजा कशी येतेय?”

“असल्याच माणसाबरोबर,” तो खाली मान घालून म्हणाला.

“आणि खरी लाज वेगळीच आहे.” तिने स्वतःचे तळहात मांडीवर उघडे ठेवले. “त्या दिवशी घरी जाताना मी बाजारातून पपनसाची पानं घेतली. उकळून त्या पाण्याने हात धुतले, मयतावरून आल्यावर धुतात तसे, अशुभ जावं म्हणून. एक दिवस नाही, आठ दिवस. आई विचारायची, कुणाच्या मयताला जाऊन आलीस? काय सांगू तिला? तुम्ही म्हणालात आणि मी खरं मानलं, हो! माझेच हात, आणि मलाच त्यांची भीती. सुट्टीच्या दिवशी दालनात पाऊल टाकायला आम्हा कामगारांना बंदी असते, ते ठीक. पण बिस्किटवाली हो म्हणून कुणी सांगितलं होतं मला?”

लाप-यानच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “चूक माझी. हात तुमचे... चांगले आहेत. मला माफ करा, असं म्हणायलाही तोंड नाही मला.”

“ऐकली माफी. लगेच माफ केलं असं म्हणणार नाही.” तिने नाक पुसलं. “हात दाखवा.”

“अं?”

“आमच्यात कसे दाखवतात, बघितलंय ना? तसे.”

भर वाटेवर, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत, त्याने दोन्ही हात चोळले. तळवे उघडे केले. उलटे केले. तिने ते अगदी निरखून पाहिले, कॅमेऱ्याने काय पाहिले असतील तसे, आणि मान हलवली.

“काही लपवलेलं नाही. आता चल, होडी राहिलीय.”

‘चला’चं ‘चल’ कधी झालं, ते त्याला होडीच्या धक्क्यावर पोचल्यावर कळलं. फाटकाशी सकाळचीच बाई, कामाची जागा बदलून आलेली. तिने कूपन घेतलं आणि भुवया उंचावल्या. “जोडपं?”

या खेपेला ओइ-लामने उत्तर दिलं नाही. ती वाकून बूट काढत बसली. लाप-यान पुढे झाला.

“मी यांच्याबरोबर आहे,” तो म्हणाला.

“मिटलं वाटतं भांडण?”

“अजून नाही,” ओइ-लाम खालूनच म्हणाली. “मिटेल हळूहळू. पुढच्या रविवारी मला सुट्टी आहे.”

बूट एका हातात धरून ती उठली. होडी पाण्यावर डुचमळत होती. तिने डागाचा तो दुसरा हात त्याच्यापुढे केला, आणि डोळ्यांत थोडं पाणी, थोडा खट्याळपणा घेऊन म्हणाली,

“सांभाळून धर हं... अवलक्षणी आहे तो.”

लाप-यानने तो हात दोन्ही हातांनी धरला. होडी लागेपर्यंत सोडला नाही.