रुतुजाचा रु

काचेच्या छोट्या खिडकीतून एक हात आत आला आणि त्याने त्या दिवशीचा पेपर हर्षालीच्या पुढ्यात ठेवला. बोट एका काळ्या चौकटीवर टेकलेलं होतं.

"हे नाव कुणी तपासलं, मॅडम?"

तिने मान वर केली. तिशीच्या आतबाहेरचा माणूस. दाढी वाढलेली, अंगात जुना राखाडी स्वेटर, डोळे झोप न झालेले. आवाज मात्र अगदी शांत होता... आणि त्या शांतपणाचीच तिला जरा भीती वाटली.

हर्षाली अहिरे गंगापूर रोडवरच्या एका छोट्या दैनिकात मुद्रितशोधक होती. पान छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका वेचून काढायच्या, हे तिचं काम. जाहिरातीच्या खिडकीवरची बाई रजेवर गेली, की तिथेही तीच बसायची. कामात ती पक्की होती. चुकलेली वेलांटी तिला भाकरीतल्या खड्यासारखी लागायची.

तिने चौकट वाचली. दुःखद निधन. कु. ऋतुजा पुंजा गांगुर्डे. दशक्रिया विधी रविवारी सकाळी रामकुंड, पंचवटी येथे. वर एका हसऱ्या मुलीचा फोटो.

"मीच तपासलं. काही चुकलंय का? तारीख?"

"तारीख बरोबर आहे. नाव चुकलंय. रुतुजा. र ला उकार."

हर्षालीच्या जिवात जीव आला. "कागदावर तुम्ही तसं लिहिलं होतं खरं. ते मी सुधारलं. ऋतूवरून आलेलं नाव आहे ना — ऋषीतला ऋ. हेच बरोबर आहे."

"असेल." त्याने पेपर स्वतःकडे वळवला. "पण ही माझी बहीण नाही. शाळेत गुरुजींनी रुतुजा लिहिलं. आधार कार्डावर तेच, नर्सिंग कॉलेजच्या बॅजवर तेच. ती स्वतः तसंच लिहायची. ही ऋतुजा कोण, ते मला माहीत नाही."

हर्षालीने पुन्हा चौकटीकडे पाहिलं. एवढी वर्षं लोक या खिडकीशी येऊन भांडत होते, पण बरोबर लिहिल्याबद्दल जाब विचारायला कुणी आलं नव्हतं.

"काय झालं होतं त्यांना?" तिने हळूच विचारलं.

"डेंग्यू. होस्टेलवर ताप अंगावर काढला. परीक्षा होती." तो थोडा थांबला. "जायचं वय नव्हतं हो तिचं."

तिने दुरुस्ती छापून देण्याचं कबूल केलं. त्याने नाव सांगितलं, योगेश, आपला नंबर लिहून दिला आणि तिचाही घेतला. मग तो निघून गेला.

संपादकीय प्रमुख रविराज सरांनी मात्र हात झटकले. "बरोबर शब्द छापला म्हणून दिलगिरी? वाचक हसतील आपल्याला. शुद्धिपत्र चुकीचं सुधारायला असतं, हर्षाली. शुद्धाचं अशुद्ध करायला नाही."

एरवी हेच वाक्य तिने स्वतः म्हटलं असतं. त्या संध्याकाळी मात्र जाहिरातींचं पान तिच्यासमोर आलं, तेव्हा तिने एका कोपऱ्यात जागा केली आणि कुणाला न विचारता चार ओळी बसवल्या. शुद्धिपत्र. निधन वार्तेत नाव चुकीचे छापले गेले. ते रुतुजा पुंजा गांगुर्डे असे वाचावे. पान पुढे गेलं.

रविवारी सकाळच्या थंडीत ती तो पेपर घेऊन रामकुंडावर गेली. का गेली, ते तिला नीटसं सांगता आलं नसतं. गोदावरीच्या पाण्यावर धुकं बसलं होतं. योगेश विधी उरकून पायरीवर उभा होता. मुंडण केलेलं डोकं, ओलं धोतर, आणि थंडीने निळसर झालेले ओठ. जरा पलीकडे बायकांच्या घोळक्यात त्याची आई बसली होती, कुणाकडेच न पाहता.

त्याने चार ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग घडी घालून पेपर छातीशी धरला.

"एवढ्या थंडीत तुम्ही कशाला..." तो म्हणाला.

हर्षालीने अंगावरची शाल काढली आणि त्याच्या हातात दिली. दोघांच्या बोटांचा निसटता स्पर्श झाला. त्याची बोटं बर्फासारखी होती. ती मागे वळूनही न पाहता रिक्षा स्टँडकडे चालू लागली.

संध्याकाळी मेसेज आला. "मॅडम तुमचा आभारि आहे. शाल कोनाकडे देउ."

सवयीने तिच्या अंगठ्याने टाइप केलं, "आभारी. कोणाकडे. देऊ." — आणि पाठवूनही दिलं. लगेच तिने जीभ चावली. ज्याची बहीण नुकतीच गेली, त्याच्या वेलांट्या आपण मोजतोय? माफी मागावी म्हणून ती शब्द जुळवत होती, तेवढ्यात उत्तर आलं.

"बरं वाटलं. इथे सगळे मला सांभाळुन घेतात. कोनी काहि चुक दाखवत नाही. जसा मी पन मेलोय."

हर्षालीने माफीचे जुळवलेले शब्द खोडून टाकले.

न विचारता चार ओळी बसवण्याचा आगाऊपणा तिला महागात पडायचा तो पडलाच. रविराज सरांनी शुद्धिपत्र पाहिलं, आरडाओरडा केला नाही, फक्त पानं तपासायचं काम तिच्याकडून काढून घेतलं. तसंही ते काम आता संगणकच करणार होता. हर्षाली कायमची खिडकीवर आली. दिवसभर ती लोकांची दुःखं आणि वाढदिवस टाइप करायची. कागदावर जसं असेल, तसंच.

योगेश अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर कामाला होता आणि दिंडोरीच्या बाजूला त्याचं गाव होतं. शाल परत द्यायला तो एका सुट्टीला आला, मग शाल परत द्यायचं विसरला म्हणून पुन्हा आला. सोमेश्वरच्या धबधब्याशी चहाच्या टपरीवर दोघं बसू लागले. हिवाळ्यात धबधब्याला पाणी ते किती... पण आवाज येत राहायचा, आणि बोलणं थांबलं तरी अवघडल्यासारखं व्हायचं नाही.

"तुझा फोन शब्द सुचवत नाही का?" एकदा तिने विचारलं. मॅडम आणि तुम्ही केव्हा गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"सुचवतो. मी ऐकत नाही."

"का?"

"मग तू काय दुरुस्त करशील?"

तिने कप तोंडाला लावला, हसू लपवायला. "म्हणजे मुद्दाम चुकतोस?"

"काही मुद्दाम. बाकीच्या आपोआप येतात." तो तिच्याकडे पाहत राहिला. "एक विचारू? समोरच्याला कळलं म्हणजे झालं ना? ऱ्हस्व असो नाहीतर दीर्घ. रोजच्या लिहिण्यात कुणाचं काय अडतं?"

"आणि खिडकीशी आला होतास, तेव्हा कोणाचं अडलं होतं?"

त्याने कप खाली ठेवला. हर्षालीला वाटलं, आपण फार लागट बोललो.

"माझ्यासाठी चालतं गं कसंही," शेवटी तो म्हणाला. "तिच्यासाठी नाही चालत. तिचं आता तेवढंच राहिलंय."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने हात सोडवून घेतला नाही.

नंतर तिच्या लक्षात आलं, की त्याच्या मेसेजमधले न आणि ण ती हल्ली दुरुस्त करत नाही. तो "आठवन" लिहायचा, कारण सैलावून बोलताना तो तसंच म्हणायचा. ते शब्द वाचताना तिला त्याचा आवाज ऐकू यायचा. तो न पुसून ण केला असता, तर शब्द सुधारला असता आणि आवाज गेला असता. आता ती ते तसंच ठेवायची, आणि आलेले मेसेज परत परत वाचायची. आपल्याला काय झालंय, हे तिला नीट ठाऊक होतं.

माघ लागला तशी त्याच्या गोटीराम मामांनी घाई सुरू केली. घरात असं काही घडलं, की वर्षाच्या आत शुभकार्य उरकावं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ओझरची एक मुलगी पाहूनही ठेवली. योगेशने हे टपरीवर सांगितलं तेव्हा त्याचा चहा निवून गेला होता.

"मी आईला तुझ्याबद्दल सांगतो," तो म्हणाला.

"सगळं सांगशील? नाव मी बदललं होतं, तेसुद्धा?"

"त्याची काय गरज आहे? आईला वाचता येत नाही, हर्षाली. तिला त्यातलं काही माहीतच नाही. ती कधीच विचारणार नाही."

"म्हणूनच सांगायचं. त्या घरात मी काहीतरी दडवून नाही यायची." ती त्याच्याकडे वळली. "आणि तू नको सांगूस. मी सांगते."

"नाही म्हणाली तर?"

"तरीही मीच सांगणार," ती म्हणाली.

गावातलं घर साधं होतं, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याच्या छपराचा ओटा. योगेशची आई, लंकाबाई, लसणाच्या गड्ड्या फोडत बसल्या होत्या. हडकुळ्या, ताठ. भिंतीवर रुतुजाचा तोच हसरा फोटो होता, हार घातलेला. योगेशने ओळख करून दिली आणि तो दाराशी उभा राहिला.

हर्षाली जमिनीवर बसली. फिरवून बोलायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं.

"काकू, तुमच्या मुलीची बातमी ज्या पेपरात आली, तिथे मी कामाला आहे. तिच्या नावाचं पहिलं अक्षर मी बदललं. मला वाटलं, मी चूक सुधारतेय. ते तिचं नाव राहिलं नाही. हे तुम्हाला माझ्याच तोंडून कळावं, म्हणून आले."

लंकाबाईंचे हात थांबले.

"म्हंजे ते छापलेलं व्हतं?"

हर्षालीला प्रश्न कळला नाही. योगेशलाही नाही.

लंकाबाई उठल्या, आत गेल्या आणि एक पांढरा ॲप्रन घेऊन आल्या. नर्सिंगच्या मुली घालतात तसला. गळ्याच्या आतल्या बाजूला निळ्या दोऱ्याने नाव शिवलेलं होतं. रुतुजा.

"होस्टेलात कपड्यांची अदलाबदल व्हते म्हनून शिवायचे मी. ती पेनानं काढून द्यायची, मी त्याच्यावरून टाका घालायची. समद्या कपड्यांवर. मला बाकी अक्षर येत नाय, पन हे येतंय." त्यांचं बोट निळ्या दोऱ्यावरून फिरलं, र वरून खाली उकाराच्या आकड्यापर्यंत, मग पुढे. "त्या दिवशी पेपर आला, समदे बघत व्हते. मीबी बघितला. फोटू व्हता, पन हे कुठंच नव्हतं. मला वाटलं, पोरीचं लगीन झालेलं नाय, म्हनून नाव नसंल टाकलं. फोटूच टाकला असंल नुसता. इचारलं नाय मी कोनाला. कोनाला इचारायचं?"

योगेशने दाराची चौकट घट्ट धरली होती.

"आई, मग दुसऱ्यांदा छापलं होतं बरोबर. रामकुंडावर... पेपर होता माझ्याकडे," तो कसाबसा म्हणाला. "मी तुला दाखवलाच नाही. मला वाटलं, तुला काय कळणार."

लंकाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या हर्षालीकडे पाहत होत्या. त्या नजरेत राग होता, आणि तो लपवायचं त्यांना काही कारण नव्हतं. हर्षालीने नजर खाली वळवली नाही. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते तिने पुसलंही नाही.

"च्या ठेवते," लंकाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

चहा झाला. त्या स्वतः प्याल्या नाहीत. हर्षाली निघाली तेव्हा त्या परत लसणापाशी बसल्या होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पुन्यांदा आलीस, तर दुपारची ये. सकाळची मी वावरात असते."

नाशिककडे येताना योगेशने द्राक्षाच्या मळ्यांपाशी गाडी थांबवली. ऊन कलत होतं. तो हँडल धरून तसाच उभा राहिला, मग त्याचे खांदे हलायला लागले. बहीण गेल्यापासून तो रडला नव्हता. आत्ता रडत होता. हर्षाली गाडीवरून उतरली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. येणारेजाणारे बघत गेले. तिने बघू दिलं.

"तुला काहीतरी सांगायचंय," तो डोळे पुसत म्हणाला. "लिहून पाठवू?"

"इथे उभी आहे ना मी. बोल."

"मला तू हवीस. मामांना मी उद्याच नाही सांगतो." त्याने श्वास घेतला. "पण आईला सोडून मी कुठे येणार नाही. आणि ती कधी हो म्हणेल... म्हणेल की नाही... मला माहीत नाही. थांबशील?"

"त्यांनी दुपारची ये म्हटलंय," हर्षाली म्हणाली. "मी दुपारची जाईन. पुढेही जात राहीन. तू नसलास तरी."

"आणि मी?"

"तू तर मला केव्हापासून हवा आहेस." हे बोलताना तिला लाज वाटली नाही. वारा गार सुटला होता. त्याने तिचा हात आपल्या जॅकेटच्या खिशात ओढून घेतला, आणि दोघं अंधारून येईपर्यंत तिथेच उभे राहिले.

पुढच्या सुट्टीला ती एसटीने एकटीच गेली. दुपार तापली होती. लंकाबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी तिला लांबून येताना पाहिलं, पण हाक मारली नाही. ती ओट्यापाशी आली, तेव्हा त्यांनी बाजूचं गोणपाट थोडं सरकवलं आणि सूप दोघींच्या मध्ये ठेवलं.

हर्षाली बसली आणि शेंगा सोलू लागली. संध्याकाळची गाडी येईपर्यंत दोघी एक शब्द बोलल्या नाहीत.