मूळ नकाशाचं घर

इस्त्री दुरुस्त करून आणायला गेले होते मी त्या दिवशी. एवढंच. त्यात भयंकर काही असेल तर तो दुकानदार! ‘उद्या या, उद्या या’ करत खेपा घालायला लावल्या मेल्याने.

मंडळाकडून वसाहतीचा इतिहास लिहायला आलीयस ना तू? मग लिही. पण सारखं ‘मग काय झालं काकू’ करू नकोस. सांगतेय ना मी. तो दिवा जरा जवळ ओढ.

तर ऐक. लढाई संपली, शिपाई परत आले आणि शहरात डोकं टेकायला जागा नाही. म्हणून शहराबाहेरच्या माळावर ही वसाहत बांधली. नकाशा एकच. त्याच्यावरून सगळी घरं, साच्यातून बिस्किटं पाडावीत तशी. फाटक, पायऱ्या, बाहेरची खोली, मग मधली भिंत, भिंतीतलं दार आणि मागे स्वयंपाकघर. सासरे सांगायचे, सुरुवातीला रोज कोणी ना कोणी चुकीच्या घरात शिरायचं. किल्ल्यासुद्धा एकमेकांच्या कुलपांना लागायच्या! माणूस थेट दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बूट काढत बसायचा. त्यावरून एक रीत पडली. चुकून आलेल्यावर ओरडायचं नाही. लढाईवरून आलेली माणसं ती, ओरडलं की दचकायची. एक तर टेबलाखाली जाऊन बसला होता म्हणे. तर त्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि हळूच सांगायचं, ‘तुमचं घर पुढे आहे.’

सभागृह त्यांनी सुट्टीच्या दिवशी आपल्या हातांनी बांधलं. कुंपणाची झुडपं किती उंच ठेवायची यावरून जी भांडणं झाली, ती अजून मिटलेली नाहीत. ते सगळं तुला मंडळात कळेल.

पुढे पोरांच्या हाती पैसा आला आणि पाडापाडी सुरू झाली. याने काच लावली, त्याने मजला चढवला, एकाने गाडीपायी बाहेरची खोलीच खाल्ली. मूळ नकाशाचं घर उरलं ते आमचं एकटं. कारण आमचे हे! मी म्हणायची, मधली भिंत पाडू या, स्वयंपाकघरात उजेड येईल. हे म्हणायचे, ‘बघू.’ संसार सरत आला, यांचं ‘बघू’ काही सरलं नाही.

मग यांची आठवण जायला लागली. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात जन्म गेला, उलटी अक्षरं भराभरा वाचणारा माणूस, आणि पोटच्या मुलाचं नाव विसरला. मला कधी ताई म्हणायचे, कधी बाई. पण घरात कधी चुकले नाहीत. अंधारातसुद्धा हात बरोबर बटणावर. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, ‘घरातलं काही हलवू नका. तेवढ्याच आधारावर आहेत ते.’

तर मी इस्त्री घेऊन आले. दिवेलागणीची वेळ. फाटक उघडं. आत ओल्या लोकरीचा वास. पाऊस नाही, पाणी नाही, आणि ओल्या लोकरीचा वास! स्वयंपाकघरात एक म्हातारा गृहस्थ बुटांच्या नाड्या सोडत बसलेले, आणि समोर आमचे हे खुशीत.

‘अहो, तुम्ही चुकलात,’ मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. ‘नाही हो... दार इथेच आहे. भिंत इथेच आहे. ही कुठे गेली?’

मी ओळखलं. पलीकडच्या गल्लीतले कंडक्टर. त्यांच्या मयताला मी स्वतः उभी होते. आणि त्यांच्या घराच्या जागी आता तो काचेचा डबा उभा आहे.

हातातली इस्त्री पायावर पडली. बोंबच मारायची. पण सासऱ्यांचं वळण असं हाडात मुरलेलं, की मी मुकाट्याने पाणी भरून पुढे ठेवलं. म्हणाले, ‘तुमचं घर... पुढे आहे.’

‘पुढे जाऊन आलो,’ ते म्हणाले. ‘पुढे काहीच नाही.’

काळोख पडला तेव्हा उठून गेले. भांड्यातलं पाणी तसंच. वर साय धरावी तसा बर्फाचा पापुद्रा.

मला वाटलं, एकदाचं झालं. कसलं काय! दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाई आल्या, ज्यांनी आमच्या मुलाला अक्षरं शिकवली त्या. मग आणखी कोण, मग आणखी कोण. सगळे वसाहतीतले, सगळे कधीच गेलेले. घरं पाडली लेकरांनी आणि निस्तरायचं मी! प्रत्येकाला वाटायचं हेच आपलं घर. एक म्हणे माझा चष्मा कुठाय, दुसरी म्हणे माझी खिडकी कोणी उघडी ठेवली. घर आहे की धर्मशाळा? भीती किती दिवस वाटणार गं माणसाला? भीती बोथट झाली, उरला नुसता वैताग. रोज ओली फरशी पुसून पुसून माझी कंबर मोडली.

आणि आमचे हे! मुलाचं नाव येत नाही, पण त्यांची नावं घडाघडा. गप्पा, हसणं. माझ्याशी इतकं कधी बोलले होते, सांग बरं.

तेही सोसलं असतं. पण काळोख पडून ती माणसं उठली की हेही उठायला लागले. आधी दारापर्यंत, मग फाटकापर्यंत. ‘येतो जरा यांच्याबरोबर.’ एकदा कोपऱ्यावरून ओढून आणलं मी यांना. अनवाणी. हात हातात घेतला तर असा गार, की माझीच बोटं बधिर झाली.

तेव्हा मात्र माझं टाळकं सरकलं. इतकी वर्षं या माणसाचं केलं ते काय या बिऱ्हाडाच्या हवाली करायला? पण करू काय? घर आहे तसं ठेवलं तर ते येणार आणि यांना घेऊन जाणार. घर बदललं तर यांचा आधार जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! तळमळले गं मी. शेवटी म्हटलं, आधार गेला तर मी आहे. माझा हात धरून चालतील. हा माणूस गेला तर मी कोणाचा हात धरू?

गवंडी बोलावला. यांना दिवसभर शेजारच्या नर्सबाईंकडे बसवलं आणि मधली भिंत पाडली. दार चौकटीसकट काढून परसात टेकवलं. समोरून पिवळा रंग फासला, मला मुळीच न आवडणारा.

संध्याकाळी खिडकीत उभी राहिले. कंडक्टर फाटकाशी आले. घराकडे बघितलं, मान हलवली आणि पुढे गेले. शाळेतल्या बाई तर थांबल्याही नाहीत. मी हसले. खरं सांगते, एकटीच मोठ्याने हसले.

मग नर्सबाईंकडून हे आले. फाटकापर्यंत आले, वर बघितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘माफ करा हं. चुकलो.’

धावत जाऊन हात धरला, आत आणलं. पाहुण्यासारखे बसले. खुर्चीच्या कडेवर. पाणी दिलं तर ‘आभारी आहे’ म्हणाले. मला!

‘निघायला हवं,’ थोड्या वेळाने म्हणाले. ‘घरी वाट बघत असतील.’

‘कोण वाट बघतंय?’

‘बायको. उशीर झाला की फार चिडते.’ आणि हसले. इतकं मायेने हसले गं... ‘पण मी आल्याशिवाय झोपत नाही ती.’

‘अहो, मीच ती,’ मी म्हणाले. ‘बघा ना... माझ्याकडे बघा.’

बघितलं. कोणी वेडीबागडी असावी तसं, सांभाळून. मग उठले. मला वाटलं बाहेर जातील म्हणून मी दारात आडवी झाले. पण हे वळले आतल्या बाजूला. जिथे भिंत होती तिथे गेले. पाय पुसले. हात पुढे केला, मूठ वळवली.

कडी वाजली. दार परसात पडलेलं, आणि कडी वाजली.

‘आलो गं,’ हे म्हणाले. आतून कोणीतरी काहीतरी म्हणालं. बाईचा आवाज, चिडका. शब्द कळले नाहीत. हे पुढे पाऊल टाकून गेले, आणि समोर माझं मोकळं, उजेडाचं स्वयंपाकघर. त्यात कोणी नाही.

शोधलं नाही असं ठिकाण नाही. पोलीस झाले, मुलगा येऊन गेला. शेवटी त्याच गवंड्याला बोलावून म्हटलं, भिंत परत बांध. होती तिथे, होती तशी. दारही तेच बसव. तो बघतच राहिला. म्हटलं बघत काय बसलास, बांध! पिवळा रंग खरवडून काढला मी स्वतः.

आता सगळे परत यायला लागले आहेत. कंडक्टर येतात, बाई येतात. मी पाणी देते, फरशी पुसते. रोज विचारते, आमचे हे भेटले का कुठे? जो तो आपला चष्मा, आपली खिडकी शोधत असतो.

परवा पाय फार दुखत होते. सगळ्या खुर्च्या अडवलेल्या, खिडकीजवळची तेवढी मोकळी. म्हटलं, माझ्याच घरात मी किती वेळ उभी राहू? टेकणार, तोच कंडक्टरांनी माझ्या पाठीमागे हात आडवा धरला.

‘नका बसू,’ ते हळूच म्हणाले. ‘माणूस आहे तिथे.’

खुर्चीत कोणी नव्हतं. बसायच्या जागी हात ठेवून बघितला. ऊब होती गं. जिवंत माणसाची ऊब.

मेलेले सगळे मला दिसतात. हेच तेवढे दिसत नाहीत.