तेरड्याचे गुण शून्य

मंगळावरच्या शिवारघुमटात हिरवळीला तोटा नव्हता. मेथी होती, पालक होता, अळू होतं, आणि मधल्या वाफ्यात तर कोथिंबीर नुसती माजली होती. उजेड बेताचा, ऊब बेताची, रोगराई नाही, फवारणी नाही. मग अशा भरल्या घरात मधमाश्या का मरत होत्या, हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं.

रोज सकाळी मधपेटीसमोर पडलेल्या माश्या चैताली कुंच्याने गोळा करायची. तिचे आजोबा दिगंबर घाणेकर म्हणजे कीटकांचे मोठे शास्त्रज्ञ. सातेरी माश्यांची ही एकुलती एक पेटी त्यांनी पृथ्वीवरून यानातून अक्षरशः मांडीवर घेऊन आणली होती. माश्या गेल्या तर पुढच्या हंगामात भोपळा नाही, काकडी नाही, पेरायला बीसुद्धा नाही. दुसरी पेटी यायला काही वर्षं लागणार, तोवर सगळ्यांनी डब्यातली भुकटी पाण्यात कालवून प्यायची. चैतालीला भुकटीचं एवढं वाटत नव्हतं. पण आजोबा हल्ली पेटीकडे पाठ करून बसत, ताटावरून अर्ध्यातच उठत. त्याचंच तिला जास्त वाटायचं.

"आजोबा, आज कालच्यापेक्षा जास्त आहेत."

"असू देत, बाळा."

"पाक संपला असेल का?"

"पाक काठोकाठ भरलाय. रोग म्हणशील तर सूक्ष्मदर्शकाखाली (बारीक वस्तू मोठी करून दाखवणारं यंत्र) एकूण एक माशी पाहिली. काहीच नाही. भरल्या पोटी मरतायत गं. माझी अक्कल संपली."

डासाच्या पंखावर तासभर बोलणाऱ्या माणसाने असं म्हणावं! चैतालीला रडू फुटलं. डोळे पुसत ती तडक तोलाजीकडे गेली.

तोलाजी हा घुमटातला यंत्रमानव. दोन वस्तू तोलून सांगण्यात पटाईत, म्हणून हे नाव. ही चटणी बरी की ती, असं विचारलं तरी स्वारी गुण देऊन मोकळी व्हायची.

"तोलाजी, माश्या धडधाकट होत्या तेव्हाची बाग आणि आताची बाग तोलून दाखव. फरक काय?"

"फरक एकच. मधल्या वाफ्यात तेरडा होता, आता कोथिंबीर आहे."

चैतालीला ती सभा लख्ख आठवली. मधल्या वाफ्यात रानातला तेरडा ठेवायचा की कोथिंबीर लावायची, यावर तोलाजीने गुण दिले होते. चवीत कोथिंबीर पैकीच्या पैकी, तेरडा शून्य. जीवनसत्त्वांतही तेच. शोभेचे थोडे गुण तेरड्याला मिळणार, एवढ्यात स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या नलूमावशी उठल्या. "अहो, तेरड्याचा रंग तीन दिवस! त्याला कसले गुण देताय?" झालं. सगळे हसले आणि शोभेतही शून्य पडलं. कोथिंबिरीसाठी चैतालीनेही हात वर केला होता. पोह्यांवर हिरवं काही नाही म्हणून सगळ्यांत जास्त कुरकुर तिचीच असे.

"पण तू माश्यांचा विचार का नाही केलास रे?" ती चिडून म्हणाली.

"आपल्याला कशाचा उपयोग जास्त, एवढंच मला विचारलं होतं. तेवढंच मी तोललं."

ती धावत आजोबांकडे आली आणि तिने तेरड्याचं सांगितलं. आजोबांनी नुसती मान हलवली. "ते माझ्या लक्षात होतं. म्हणून तर मी कोथिंबिरीला हो म्हटलं. कोथिंबीर फुलली की माश्या तिच्यावर तुटून पडतात. आपली कोथिंबीर काय कमी आहे?"

"फुलली की ना? पण फुलू कोण देतंय! दांडा वर आला की नलूमावशी खुडतात. फुलावर आली की पानं कडू होतात म्हणतात."

आजोबांनी पटकन वाफ्यांकडे नजर वळवली. त्यांनी कितीतरी आठवडे सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढलं नव्हतं. ते उठले, वाफ्याच्या कडेने पूर्ण फेरी मारली. मेथी, पालक, अळू, कोथिंबीर. सगळी पानंच पानं, आणि फूल औषधालासुद्धा नाही.

"म्हणजे उपाशी आहेत का त्या? पण पाक तर आहे," चैताली म्हणाली.

"नीट ऐक. मकरंद (फुलातला गोड रस) ही माशीची भाकरी. त्यातून तिला उडायला बळ मिळतं. ते काम साखरेच्या पाकाने भागतं. पण परागकण (फुलातली बारीक भुकटी) ही तिची डाळ. त्यात प्रथिनं असतात (अंग घडवणारा अन्नघटक). अंड्यातून निघालेल्या अळीला, म्हणजे माशीच्या बाळाला, ती डाळ लागतेच. पाकात ती नसते."

"मग या मोठ्या माश्या कशाने मरतात?"

"वयाने. कामकरी माशी जगतेच दीड-दोन महिने."

चैताली थबकली. "म्हणजे त्यांना कुणी मारतच नाहीये. नवीन कुणी जन्मतच नाहीये!"

"बरोबर," आजोबा हळूच म्हणाले. "मी मरण शोधत बसलो आणि जन्म बघायचा विसरलो."

त्यांनी पेटी उघडली. पोळ्याची घरं रिकामी होती. राणीमाशी (अंडी घालणारी माशी) संथपणे फिरत होती आणि तिच्याभोवती मूठभर म्हाताऱ्या माश्या होत्या. कोडं सुटलं होतं, तरी आजोबांचा चेहरा आणखीच उतरला.

"उशीर झाला गं. आता फुलं आली तरी बाळं वाढवायची कुणी? ते काम तरुण माश्यांचं. या थकलेल्यांना जमेल असं मला वाटत नाही."

"फुलांचं काम तोलाजीने कुंचल्याने केलं तर?"

"भोपळ्याची फुलं मोठी, तिथे जमेल. पण कांद्याच्या, मोहरीच्या, धण्याच्या बारीक फुलांपुढे त्याचाही जन्म जाईल."

चैताली तरीही स्वयंपाकघरात गेली. कोथिंबीर खुडायची नाही म्हटल्यावर नलूमावशी कडाडल्या. "फुलावर येऊ देऊ? लोक म्हणतील, नलूने वाफा वाऱ्यावर सोडला!" पण कारण ऐकल्यावर त्यांचा राग ओसरला. मग देवघरातून एक जुनी कापडी पुरचुंडी घेऊन आल्या.

"हे तेरड्याचं बी. आमच्याकडे गौरी तेरड्याच्या असतात, मुळासकट आणायच्या. सभेत तोंड सोडलं खरं, पण हे काही टाकवेना."

"पण मावशी, तेरड्याचा रंग तीनच दिवस ना?"

मागून आलेले आजोबा म्हणाले, "फूल असेल गं तीन दिवसांचं, पण झाड रोज नवं फूल काढतं, महिनोन्‌महिने. माश्यांचंही तेच. एकेक माशी थोडे दिवस जगते, पण नवी येत राहिली तर पोळं टिकतं. सभेत आपण एक फूल मोजलं. झाड मोजलंच नाही."

तेरडा फुलायला वेळ लागणार होता. कोथिंबिरीने मात्र दांडे लवकर वर काढले. पानं कडू झाली, पोहे पांढरेफटक झाले, मुलं ताटावर बसून तोंडं वाकडी करू लागली. वाफा बारीक पांढऱ्या फुलांनी भरला. तरी पेटीसमोर रोज मेलेल्या माश्या पडतच होत्या आणि उडणाऱ्या कमी कमी होत होत्या. आजोबा पेटी उघडायला तयार नव्हते. "रिकामं घर किती वेळा बघू?" म्हणायचे. चैतालीही आशा सोडून नुसता कुंचा फिरवायची.

एका सकाळी तिने एक मेलेली माशी तळहातावर घेतली. पंखांच्या कडा विरलेल्या होत्या. मागच्या पायांवर परागाचे दोन-चार फिकट कण चिकटले होते. पायांवर ओझं मात्र नव्हतं.

"आजोबा, हिने पराग आणले होते. ते गेले कुठे?"

आजोबांनी भिंग लावून पाहिलं. ओझं आत उतरवून मग ती बाहेर येऊन मेली होती. त्यांनी लगेच पेटी उघडली. मधल्या पोळ्यात, एका घराच्या तळाशी, तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी वेटोळं करून पडलं होतं. एक म्हातारी माशी त्या घरात डोकं घालून उभी होती.

"ती काय करतेय?"

"भरवतेय," आजोबा म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

एका अळीने पोळं उभं राहत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिकडे कोथिंबिरीच्या कडेला तेरड्याची रोपं दोन पानांवर आली होती. तेरडा फुलला की त्यात शिरणाऱ्या माशीच्या पाठीवर परागांचा पांढरा पट्टा उमटतो, असं आजोबांनी सांगितलं तेव्हा चैतालीने ठरवून टाकलं की पहिली पट्टेवाली माशी आपणच बघायची.

त्या दिवशी आजोबांनी ताट पूर्ण संपवलं. कोथिंबिरीवाचूनची आमटी त्यांनी दोनदा मागून घेतली.