मेणाचे ठोकळे जागेवरच होते

साडेनऊला ताईने कपाट उघडलं आणि आत दोनदा हात घालून चाचपलं. स्लाइडचा डबा जागेवर नव्हता.

ताई तशी घाबरट बाई नव्हे. एकवीस वर्षं ती या प्रयोगशाळेत उंदरांच्या हाडांचे काप काढत होती. हाड औषधी पाण्यात भिजवून मऊ करायचं, मेणाच्या ठोकळ्यात बसवायचं, केसाहून पातळ काप काढून काचेवर चढवायचा आणि रंगवायचा. कॅन्सर छातीतून हाडात कसा शिरतो आणि तिथे कसं बस्तान बसवतो, हे इथली मंडळी शोधत होती. त्यांच्या मोठमोठ्या गप्पा शेवटी आपल्या कापावरच येऊन थांबतात हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि वेळ आली की ती ते ऐकवायचीही.

आज मात्र ऐकवायची वेळ नव्हती. समोरच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर, तिची धाकटी बहीण पडून होती. तिचा कॅन्सर छातीतून मणक्यात उतरला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. इथे तयार झालेलं नवं औषध आज तीन वाजता पहिल्यांदा माणसाला टोचायचं होतं. ते पहिलं माणूस म्हणजे धाकटी. तिचं नाव ताईनेच सरांच्या मागे लागून घालायला लावलं होतं.

त्याआधी दोन वाजता बाहेरचे एक म्हातारे तज्ज्ञ येऊन स्लाइड स्वतः बघणार आणि सही करणार होते. काही खोट निघाली तरच वॉर्डला फोन जाणार होता. कालच चहा पिताना ताईने उंदरांची देखभाल करणाऱ्या मामांना त्यांचं कौतुक सांगितलं होतं. बाकीचे फक्त गाठ शोधतात, हे गृहस्थ नुसतं हाड बघून उंदीर किती महिन्यांचा तेही सांगतात.

निकाल तर सोन्यासारखा होता. दहा रोगी उंदरांना औषध दिलं, त्यांच्या हाडांत एकही गाठ नाही. दहांना दिलं नाही, त्यांची हाडं पोखरून निघालेली.

वाईट निकाल कोणी दडवला तर समजू शकतं. चांगला निकाल कोण चोरतं?

ती धावत सरांकडे गेली. सर प्रयोगशाळेचे प्रमुख. ते चिडले, पण हादरले नाहीत. मेणाचे ठोकळे आहेत ना, मग दोनच्या आत नवे काप काढा, एवढंच म्हणाले. सरांचा हाताखालचा संशोधक, ज्याला सगळे दाढी म्हणत, तोही तेच म्हणाला. ताईने खालचा ड्रॉवर ओढला. त्याला कधी कुलूप नसायचं. ठोकळे आकड्यांप्रमाणे लावलेले, जसेच्या तसे.

हायसं वाटायच्या ऐवजी ती आणखीच बुचकळ्यात पडली. चोराने चावी शोधून वरचं कुलूप उघडलं, स्लाइड नेल्या, आणि वीतभर खालचे ठोकळे सोडून दिले. हा कसला चोर?

कपाटाची चावी दारामागच्या खिळ्याला असते हे ताईखेरीज फक्त तिघांना माहीत होतं. सर, दाढी आणि मामा.

काल सहाला ताई निघाली तेव्हाही सर फोनवरच होते. निकाल बुडाला तर त्यांची दहा वर्षं बुडणार होती. मामांना ताईने जिन्यात गाठलं. त्यांनी पाचलाच घरी गेल्याचं सांगितलं आणि मग विचारलं, आता आजचा कार्यक्रम रद्द होणार का. नाही, नवे काप काढतेय, ती म्हणाली. "नवे कुठून? काचा तर गेल्या ना?" मामांनी हातातली बादली खाली ठेवली. मेणातून, असं सांगून ती घाईने वर आली.

कापण्याआधी ठोकळे बर्फावर थंड होईपर्यंत तिने दाढीला समोर बसवलं.

"औषधाचा शेवटचा डोस कधी दिलास?"

"सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी."

"मग?"

"तीन दिवस सगळं बंद. चौथ्या दिवशी वजनं केली. औषधवाल्यांची चार-पाच ग्रॅमने उतरली होती. बिनऔषधवाल्यांची होती तेवढीच."

"तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं, औषध जरा जड गेलं असेल. नंतर भराभर वाढली की. दोन आठवड्यांनी हाडं काढून तुम्हाला दिली."

ताईच्या मनात दुसरीच पाल चुकचुकली होती. हाड मऊ झालं की नाही ते ती रोज सुई टोचून बघायची. दर वेळी चौदा दिवस लागतात. या खेपेला औषधवाली हाडं नऊ दिवसांतच लोण्यासारखी झाली होती. पाणी कडक झालं असेल, असं म्हणून तिने सोडून दिलं होतं. पण पाणी एकाच बाटलीतलं होतं आणि बिनऔषधवाल्यांनी पुरते चौदा दिवस घेतले होते. हे तेव्हाच कसं सुचलं नाही, म्हणून तिने स्वतःला चांगलंच फैलावर घेतलं.

तिने पहिला काप काढला, रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. आजवर सगळ्यांची नजर गाठीवर होती. गाठ नाही म्हटल्यावर सगळे खूश, तीही खूश. आज तिने गाठ सोडून हाडाचं टोक बघितलं. बघताच तिने पुढचा ठोकळा ओढला. दहाही ठोकळ्यांतून काप काढून खात्री करेपर्यंत दोन वाजले.

तज्ज्ञ आले. सर आणि दाढी होतेच. ताईने मामांनाही बोलावून घेतलं. मग तिने सुरुवात केली.

"सर, ही हाडं तुमच्या उंदरांची नाहीत. टोकाशी ही वाढीची पट्टी बघा. पिल्लाची जाड असते, वय वाढेल तशी बारीक होते. आपले उंदीर पाच महिन्यांचे होते. हे जेमतेम दोन महिन्यांचे."

तज्ज्ञांनी डोळा लावला आणि मान हलवली.

कोवळं हाड लवकर मऊ होतं, म्हणून नऊ दिवस, ताईने सांगितलं. सुट्टीनंतर वजनं उतरली, कारण पिंजऱ्यात दुसरे, लहान उंदीर आले होते. त्यांना रोगच नव्हता, तर गाठ कुठून दिसणार? सर ताडकन दाढीकडे वळले.

"तो नाही," ताई म्हणाली. "तुम्हीही नाही. स्लाइड गेल्या तरी मेणातून हव्या तितक्या पुन्हा काढता येतात, हे तुम्हा दोघांना झोपेतही ठाऊक आहे. तुम्ही आधी ठोकळे उचलले असते. चोराला एवढंच माहीत होतं की पाहुणे काच बघून वय ओळखतील. ते मी एकाच माणसाला सांगितलं होतं. सकाळी त्यानेच मला विचारलं, नवे कुठून."

मामा मटकन स्टुलावर बसले.

"पिल्लांची खोली तुमच्याकडे, उंदीर ओळखायला कानाला खूण करायची कात्रीही तुमच्याकडे. का केलंत, मामा?"

मामांना रडू आवरेना. सुट्टीत आपण दोन दिवस फिरकलोच नाही, ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी आलो तर खोलीतला हीटर बंद आणि दहा उंदीर मरून पडलेले. गारठ्याने मेले, माझ्या पापाने मेले. नोकरी जाईल या भीतीने तेवढीच दहा पिल्लं घातली. पुढे औषधाचा एवढा गवगवा होईल हे कोणाला ठाऊक होतं? मग तर तोंड उघडायची सोयच राहिली नाही. डबा घरी पलंगाखाली आहे.

सर ओरडायच्या बेतात होते. ताईने हात वर केला. पुढचा प्रश्न तिला विचारायचाच नव्हता.

"मामा, बिनऔषधवाल्यांचा पिंजरा कुठे होता?"

"शेजारीच. त्याच फळीवर."

"त्यातले किती मेले?"

"एकही नाही," मामा म्हणाले.

तज्ज्ञ खुर्चीतून उठले. गारठा दोन्ही पिंजऱ्यांना सारखाच होता, ते हळूच म्हणाले. सुरक्षिततेची चाचणी आधी निरोगी उंदरांवर झाली, त्यांना हे औषध पचलं म्हणून परवानगी मिळाली. पण पोखरलेल्या हाडातलं कॅल्शियम एकदम रक्तात सुटलं तर हृदय बंद पडू शकतं. तसंच झालं असेल असं नाही, पण ते दहा उंदीर गारठ्याने मेले नाहीत एवढं नक्की.

घड्याळात पावणेतीन झाले होते. सरांनी वॉर्डला फोन लावला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलेना. ताई एप्रन अंगावर तसाच ठेवून धावली. रस्त्यात गाड्यांनी करकचून ब्रेक लावले, कोणीतरी शिवी हासडली. जिना चढताना ती स्वतःशी मोठ्याने म्हणत होती, टोचू नका, टोचू नका.

नर्सने धाकटीच्या दंडाला पट्टा आवळला होता. सिरिंज भरलेली होती. ताईने नर्सचं मनगट धरलं. बोलायला दम उरला नव्हता, म्हणून ती नुसती मान हलवत राहिली. तेवढ्यात सरांचा फोन लागला आणि वॉर्डच्या डॉक्टरांनी ट्रे उचलून न्यायला सांगितलं.

धाकटीने आज महिन्याभराने केस विंचरले होते, दुपारी ताटातलं सगळं संपवलं होतं. ताईने तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं, उंदीर, गारठा, मामा, काहीही न लपवता. हे टोचलं असतं तर तू कदाचित आजच गेली असतीस, असंही सांगितलं.

"आणि आता?" धाकटीने विचारलं.

"आता काही महिने."

"दुसरं काही औषध?"

"नाही गं."

धाकटीने दंडावरचा पट्टा स्वतःच सोडला आणि उशीशेजारी ठेवला. मग तिने ताईच्या एप्रनची बाही घट्ट धरली.

"ताई, आज दुपारपर्यंत मी बरी होणार होते गं."