वँडाच्याच पाळीत

सकाळी अकरा चाळीसला अमेरिकेतल्या डुलुथच्या रुग्णवाहिका केंद्रातला मुख्य प्रोग्रॅम अचानक बंद पडला. बर्फ फुटून सरोवरात पडलेल्या एका माणसाचा ठावठिकाणा तेव्हा मदतीचे फोन घेणारी वँडा कोव्हाच टाइप करत होती. रुग्णवाहिका एकोणीस मिनिटं उशिरा पोचली. माणूस अजून शुद्धीवर आला नव्हता.

महिन्यातली ही तिसरी वेळ. तिन्ही वेळा मंगळवार, तिन्ही वेळा पाळी वँडाची.

"तीच काहीतरी भलतं दाबते," पर्यवेक्षक कर्टिस बर्गमन म्हणाला. "बावीस वर्षं झाली, थकली आता. आज घरी पाठवतोय तिला."

संगणक तपासायला आलेली मॅरिट सोलबर्ग वँडासमोर बसली.

"बंद पडण्याआधी स्क्रीन अडकत होती?"

"छे. महिनाभर झकास पळतेय. पळता पळताच गेली."

"आणि त्याआधी?"

"मंगळवारी साडेअकरानंतर रडतखडत चालायची. पण बंद कधी पडली नाही."

मॅरिटनं तासभर नोंदी वाचल्या. मग दोघांना बोलावलं.

"वँडानं काही केलेलं नाही. प्रोग्रॅम कर्नलनं मारला. कर्नल म्हणजे संगणकाचा कारभारी, मेमरी वाटणारा. मेमरी भरत आली की सध्या न लागणारा भाग तो डिस्कवर हलवतो. त्याला स्वॅप म्हणतात. काम मंदावतं, पण सगळे जगतात. इथं स्वॅप बंद होता. मेमरी संपली तेव्हा कर्नलनं सर्वांत जास्त जागा अडवणारा प्रोग्रॅम मारला. तो वँडाचा होता, कारण मुख्य प्रोग्रॅम आधीपासूनच सगळ्यांत मोठा."

"म्हणजे दोष यंत्राचा," कर्टिस म्हणाला.

"मेमरी भरली कुणी? दर मंगळवारी साडेअकराला तुमचा अहवालाचा प्रोग्रॅम सुरू होतो. त्याला मेमरीची मर्यादा होती. ती ओलांडली असती तर तो एकटाच मेला असता. गेल्या महिन्यात तुमच्या लॉगिनवरून ती मर्यादा काढली गेली. स्वॅपही त्याच दिवशी बंद झाला."

"वेग वाढावा म्हणून केलं. मला काय माहीत असं होईल?"

"पहिल्यांदा नसेल. पण दुसऱ्या वेळी दहाच मिनिटांत कर्नलची नोंद तुमच्या लॉगिनवरून उघडली गेली. कुणाला मारलं, का मारलं, सगळं त्यात लिहिलंय."

वँडा कर्टिसकडे वळली.

"तुला कळलं होतं," वँडा सावकाश म्हणाली. "तरी आज तो अहवालाचा प्रोग्रॅम पुन्हा चालवलास?"

"अहवाल उद्या द्यायचा होता. आणि मंगळवारी फोन कमीच येतात, वाटलं निभावेल."

वँडानं फोन त्याच्यापुढे सरकवला. "त्या माणसाची बायको इस्पितळात बसलीय. उशीर का झाला, हे तिनं मला दोनदा विचारलं. नंबर लावून देते. आता तू सांग."