ओळख पटली

बहिणीला घरी न्यायला या, असा फोन आला तेव्हा नीलेश सावे कुंभवलीच्या कारखान्यात जेवायला बसला होता. फोनवरच्या बाई सावकाश, एकेक शब्द मोजल्यासारख्या बोलत होत्या. मंगल सावे आता बऱ्या आहेत. औषधं घरी चालू ठेवता येतील. इतकी वर्षं इथे कुणी राहू नये असं आमच्या डॉक्टरांचं मत आहे. नीलेश नुसता ‘हो, हो’ म्हणत राहिला. डब्यात वालाची भाजी होती. ती त्याने तशीच झाकून ठेवली.

मंगल त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. एकोणीस वर्षांपूर्वी एका सकाळी तिने आईच्या हातचा चहा घेतला नाही. का, तर म्हणे ही आई नव्हे. दिसते तशीच, आवाजही तोच, पण आई नव्हे. दुसरीच कुणीतरी येऊन बसली आहे. आठवड्याभरात अण्णाही तिच्या लेखी अण्णा राहिले नाहीत. एकटा नीलेश तेवढा तिला खरा वाटायचा. म्हणूनच मग तिला न्यायचं काम त्याच्यावर आलं. ‘दोन दिवस राहून येऊ,’ असं सांगून तो तिला पाम गावाच्या पुढे एका ट्रस्टच्या मनोरुग्णालयात घेऊन गेला आणि संध्याकाळी एकटाच शिरगावला परतला. पहिली काही वर्षं तो महिन्याला जायचा. मग सणासुदीला जायचा. आई वारल्यावर ते सांगायला एकदा गेला. त्यालाही सहा वर्षं झाली होती. अलीकडे त्या रस्त्याने जायची वेळ आली, तर तो लांबचा रस्ता घ्यायचा.

रुग्णालयाच्या ऑफिसात बाकड्यावर एक बाई बसली होती. केस कापलेले, अंगावर धुवट निळी साडी, मांडीवर कापडी पिशवी. त्याला बघताच ती उठली.

“नीलेश, किती उन्हात आलास,” ती म्हणाली.

त्याने कागदांवर सह्या केल्या. शिरगावपर्यंतच्या रिक्षात दोघं शेजारी बसली. रडू येईल, लाज वाटेल, ती काहीतरी बोलेल आणि आपल्याला मान वर करता येणार नाही, अशी सगळी तयारी करून तो गेला होता. प्रत्यक्षात त्याला काहीच वाटलं नाही. शेअर रिक्षात अनोळखी बाई शेजारी बसली की माणूस जसा अंग चोरून बसतो, तसा तो बसला होता. सहा वर्षं तोंड दाखवलं नाही, आता माया कुठून येणार, असं त्याने स्वतःला समजावलं.

घरी चारुताने, त्याच्या बायकोने, दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. ओटीवरच्या खाटेवर अण्णा बसले होते. पाय थकले असले तरी नजर अजून धड होती. त्यांनी तिचा हात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि छातीशी लावला.

“मंगल आली,” ते म्हणाले. “माझी पोर आली रे.”

चारुता लग्न होऊन आली तेव्हा मंगल रुग्णालयातच होती, त्यामुळे तिने तिला कधी पाहिलंही नव्हतं. पण पंधरा दिवसांत दोघींचं असं जमलं, की चारुता तिला विचारल्याशिवाय आमटीत मीठ घालीना. मंगल पहाटे उठायची, वाडीत जाऊन पानवेलींना पाणी सोडायची, अण्णांच्या पायांना तेल लावायची. कानामागचा तीळ जागेवर होता. विहिरीच्या काठावर पडून वाकडी झालेली करंगळी तशीच वाकडी होती. ‘आपली ती काळी गाय पुढच्या वाडीतल्या कुणाला दिली होती?’ असले प्रश्न नीलेश मुद्दाम बोलता बोलता टाकायचा. ती मान न वळवता बरोबर उत्तर द्यायची.

तिने एकदा तरी चुकावं, असं त्याला वाटायला लागलं होतं. माणसं विसरतात. एकोणीस वर्षांनी तर विसरतातच. ही काहीच विसरत नव्हती.

एका गुरुवारी कारखान्यात वीज गेली म्हणून तो दुपारीच घरी आला. अण्णा झोपले होते. चारुता बाजाराला पालघरला गेली होती. मागच्या पडवीतून हलक्या आवाजात बोलणं ऐकू येत होतं, म्हणून तो तिकडे गेला. मंगल भिंतीकडे तोंड करून पाटावर बसली होती. हात मांडीवर, पाठ ताठ. शाळेतली मुलं पाढे म्हणतात तशा एका सुरात ती म्हणत होती.

“मी मंगल. अण्णांची मोठी मुलगी. नीलेश माझा भाऊ. आईला जाऊन सहा वर्षं झाली. चारुता माझी भावजय. चारुताचं सकाळी डोकं दुखतं. अण्णांना आमसुलाचं सार आवडतं. नीलेशला झोप लागत नाही. नीलेशला अजून पटलेलं नाही.”

मग ती थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

त्याचा पाय बादलीला लागला. ती वळली. चेहऱ्यावर दचकल्याची खूणही नव्हती.

“तिथं नर्सबाई रोज म्हणून घ्यायच्या,” ती म्हणाली. “आपण कोण, ते विसरू नये म्हणून. सवय लागली.”

खरंही असेल. नीलेश बाहेर जाऊन विहिरीपाशी उभा राहिला.

त्या दिवसापासून घरातलं जेवण त्याच्या घशाखाली उतरेना. तिने वाढलेलं ताट तो बाजूला सारायचा आणि स्वतःच्या हाताने वाढून घ्यायचा. कामावर दोनदा चुकीचा व्हॉल्व्ह बंद केला. साहेबांनी बोलावून विचारलं, घरी काही आहे का? त्याने नाही म्हटलं. शेवटी एका रविवारी, सगळे जेवायला बसले असताना, त्याने विचारलंच.

“तुम्ही कोण आहात?”

मोठ्या बहिणीला त्याने ‘तुम्ही’ म्हटलं होतं, हे आधी चारुताच्या लक्षात आलं. तिचा घास हातातच राहिला.

“हे काय विचारणं झालं?” ती म्हणाली.

“दिसायला तीच आहे. आवाज तोच आहे. सगळं कबूल. पण ही मंगल नाही.”

अण्णांनी ताटावरचे हात उचलले. ते नीलेशकडे बघत होते, आणि ती नजर नीलेशला ओळखीची होती. एकोणीस वर्षांपूर्वी चुलीपाशी उभं राहून ते मंगलकडे असंच बघत होते.

“तीपण असंच बोलायची,” अण्णा म्हणाले. “हेच शबूद. आमी काय पाप केलंय रे? दोन पोरं माझी, आनि दोगांना पन हेच.”

मंगलने उठून अण्णांना पाणी दिलं. मग नीलेशच्या ताटातलं उष्टं गोळा केलं आणि मोरीवर गेली.

दुसऱ्या दिवशी नीलेशने रिक्षा बोलावली. तिला म्हणाला, “चला, डॉक्टरांना भेटून येऊ.” तिला तिथे परत सोडायचं आणि आपली खरी बहीण कुठे आहे ते विचारायचं, असं त्याने ठरवलं होतं. ती मुकाट्याने निघाली. पदर नीट घेतला, चपला घातल्या आणि त्याच्याआधी रिक्षात जाऊन बसली.

डॉक्टरांचं नाव भाग्यश्री राऊत. नीलेशच्याच वयाच्या असतील. त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. मंगलचा फोटो होता, दर वर्षीचा एक. पहिल्या फोटोत लांब वेणी होती, शेवटच्यात कापलेले केस. नीलेशने ते पुन्हा पुन्हा चाळले. प्रत्येक फोटो आधीच्या फोटोसारखा होता. बाई कुठे बदलली, ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं.

डॉक्टरांनी मंगलला बाहेर बसायला सांगितलं आणि त्याच्याशी तासभर बोलल्या. झोप किती लागते? जेवण? चारुता तीच वाटते ना? अण्णा?

“तेवढी खात्री आहे,” तो म्हणाला.

“आज आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “मंगलताईंचंही एका माणसापासूनच सुरू झालं होतं. घराण्यात असतं कधीकधी. थोडे दिवस राहता इथे? जबरदस्ती नाही. तुम्हीच ठरवा.”

खिडकीबाहेर ती बाई बाकड्यावर बसली होती. दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ. तिच्याबरोबर रिक्षात बसून घरी जायचं आणि तिच्या हातचं जेवायचं, हे नीलेशला कल्पनेतही सहन होईना. तो राहिला.

पुरुषांच्या वॉर्डात तो चोवीस दिवस होता. गोळ्यांनी झोप लागायची. सकाळी व्यायाम, मग कागदाच्या पिशव्या चिकटवायचं काम. दुपारी वारा फिरला की कारखान्यांचा तो कुजकट, गोडसर वास यायचा आणि सगळे नाकाला रुमाल लावायचे. मंगल दर रविवारी डबा घेऊन यायची. पहिल्या रविवारी त्याने डब्याला हात लावला नाही. दुसऱ्या रविवारी अर्धा खाल्ला. तिसऱ्या रविवारी ती अण्णांची तब्येत सांगत होती आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण तिला ‘अगं’ म्हणालो. ती हसली. त्यालाही हलकं वाटलं. इतके दिवस जो आजार होता तो हाच, असं त्याने मनाशी मान्य केलं, आणि मान्य केल्यावर किती सोपं झालं सगळं.

चोविसाव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, तो पिशव्यांचा गठ्ठा घेऊन अंगणात आला. पलीकडे बायकांचं अंगण होतं, मध्ये तारेची जाळी. बायका वाळलेले कपडे काढत होत्या. त्यातली एक जाळीपाशी येऊन थांबली.

म्हातारी झाली होती. पुढचे दात नव्हते. केस पांढरे, विस्कटलेले. कानामागे काय होतं ते दिसत नव्हतं, आणि बघायची गरजही नव्हती.

तिला ओळखायला नीलेशला क्षणही लागला नाही.

तिने स्वतःच्या गालावरून पदर फिरवला आणि त्याच्याकडे बोट केलं. त्याने गालाला हात लावला. पिशव्यांची खळ वाळून चिकटली होती. त्याने ती पुसली. तिने मान हलवली, झालं, अशी.

“मी तयार हाय,” ती म्हणाली. “पिशवी आणू?”

त्याने हातातला गठ्ठा खाली ठेवला.

जागृती नावाची परिचारिका लगबगीने आली आणि तिने त्या बाईला दंडाला धरून वळवलं. “ही हिरा,” ती नीलेशला म्हणाली. “तिकडं किनाऱ्यावरची. हिचं कोनी नाय. तुमी मनाला लावून घेऊ नका दादा. कोनी पुरुष दिसला की तिला वाटतं, न्यायला आला.”

“किती वर्षं आहे इथे?”

“माज्या आधीपासून.”

हिरा जाता जाता वळून बघत होती. मग कपड्यांच्या दोरीआड गेली.

पाच वाजता डॉक्टरांनी बोलावलं. समोर त्याची फाइल होती.

“छान सुधारणा आहे,” त्या म्हणाल्या. “उद्या जाऊ शकाल. एकच विचारते. न्यायला कोण येणार आहे?”

खिडकी उघडी होती. बायकांच्या अंगणात कुणीतरी बादली आपटली.

आत्ता बोललं तर काय होईल, ते त्याला कळत होतं. रजिस्टर पुन्हा उघडलं जाईल, फोटो पुन्हा दाखवले जातील. चोवीस दिवसांचे अठ्ठेचाळीस होतील. मग वर्ष. कुणीतरी त्याचंही नाव बदललं तर? चारुता किती वर्षं येत राहील? आधी महिन्याला, मग सणासुदीला.

“माझी बहीण,” नीलेश म्हणाला. “मंगल.”

डॉक्टरांनी समाधानाने सही केली.

सकाळी ती वेळेवर आली. निळी साडी, हातात त्याच्यासाठी धुतलेला शर्ट. जाळीपलीकडच्या अंगणात कुणी नव्हतं. त्याने तिकडे पाहिलंही नाही. रिक्षा फाटकाबाहेर पडली. पामच्या नाक्यावर टँकर आडवा लागला होता, म्हणून थांबावं लागलं. दोघं शेजारी बसली होती. ती समोर बघत होती.

“जेवते ना ती वेळेवर?” तिने विचारलं.

कोण, असं त्याने विचारलं नाही.

“हो,” तो म्हणाला.

टँकर हलला. तिने त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि रिक्षावाल्याला चल म्हटलं.